नियम, रिवाज आणि एक विचित्र खेळी

बुद्धिबळाचा पट मांडला की पहिल्या खेळीसाठी पांढऱ्याकडे वीस पर्याय असतात. आठ प्याद्यांपैकी कोणतेही एक प्यादे एक किंवा दोन घरे पुढे टाकता येते, हे झाले सोळा. दोन घोड्यांच्या प्रत्येकी दोन उड्या, त्या चार. उत्तर देताना काळ्याकडेही असेच वीस पर्याय असतात. नियमांच्या दृष्टीने या विसांत डावेउजवे नाही. तरीही मोठ्या स्पर्धांत खेळणारे लोक त्यांतल्या चार-पाच चालींपलीकडे फारसे जात नाहीत. उरलेल्या चाली कोणी मना केलेल्या नाहीत. त्या कोणी करत नाही, एवढेच.

'मना आहे' आणि 'कोणी करत नाही' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे पटावर लगेच कळते. रोजच्या जगण्यात मात्र आपण त्यांची सर्रास गल्लत करतो. जे कोणी करत नाही ते करायचेच नसते असे धरून चालतो, आणि एखाद्याने ते केलेच तर त्याने नियम मोडला असे समजून त्याच्यावर तुटून पडतो. रिवाज सोडण्याचा हक्क कोणाला असतो, आणि तो हक्क बजावताना त्याच्यावर कोणती जबाबदारी येते, हा जुना नैतिक प्रश्न आहे. त्याचा विचार आम्ही इथे बुद्धिबळाच्या एका डावाच्या आधाराने करणार आहोत. पटावर प्रत्येक खेळी लिहून ठेवलेली असते. नंतर कोणालाही सारवासारव करता येत नाही, हा या उदाहरणाचा फायदा.

डाव १९८० सालच्या जानेवारीतला. स्वीडनमधल्या स्कारा या गावी युरोपीय सांघिक अजिंक्यपद स्पर्धेची अंतिम फेरी चालू होती. सोव्हिएत संघाच्या पहिल्या पटावर अनातोली कार्पोव्ह होते. १९७५ पासून ते जगज्जेते होते, आणि १९७८ साली कोर्चनॉयला हरवून त्यांनी ते पद राखले होते. त्यांच्यासमोर इंग्लंडचा टोनी माइल्स बसला होता. बर्मिंगहॅमचा हा तरुण तेव्हा पंचविशीचाही नव्हता. १९७६ साली तो ग्रँडमास्टर झाला होता, आणि ब्रिटनमध्ये जन्मलेल्या खेळाडूंपैकी पटासमोर बसून तो किताब मिळवणारा तो पहिलाच.

कार्पोव्ह यांनी राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकले. जगातली ही सर्वांत रुळलेली सुरुवात. तिला माइल्सने उत्तर दिले ते वजिराच्या बाजूच्या हत्तीसमोरचे प्यादे एकच घर पुढे सरकवून. कार्पोव्ह यांनी वजिरासमोरचे प्यादेही दोन घरे पुढे नेले आणि पटाचा मध्य व्यापला. माइल्सने शेजारचे घोड्यासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकले. नवशिक्या पोराला पहिल्याच दिवशी सांगितले जाते की मधली घरे धर आणि कडेची प्यादी उगाच हलवू नकोस. इथे एक ग्रँडमास्टर जगज्जेत्यासमोर नेमके तेच करत होता. प्रेक्षकांत हशा पिकला, असे माइल्सने स्वतःच पुढे सांगितले.

हसणाऱ्यांच्या मनात दोन आक्षेप असणार. पहिला असा, की हा मूर्खपणा आहे. दुसरा त्याहून गंभीर. हा समोरच्याचा अपमान आहे. जगज्जेत्यासमोर बसून पोरखेळ करणे म्हणजे 'तुमच्यासाठी एवढेही पुरे' असे सांगण्यासारखेच नाही का? त्यातून सामना सांघिक होता. हरला असता तर गुण एकट्या माइल्सचा गेला नसता, सगळ्या संघाचा गेला असता. आपली लहर भागवायला दुसऱ्यांचा गुण पणाला लावण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. ते पारखायचे तर डाव थोडा पुढे पाहावा लागेल.

माइल्सने ती दोन प्यादी हलवली ती आपल्या उंटासाठी वाट मोकळी करायला. पुढच्याच खेळीत तो उंट घोड्याच्या मूळ घराच्या पुढे येऊन बसला आणि तिथून लांबूनच कार्पोव्ह यांच्या मधल्या प्याद्यावर दाब देऊ लागला. मध्य प्याद्यांनी न व्यापता दुरून मोहऱ्यांनी त्याच्यावर ताबा ठेवायचा, हा विचार बुद्धिबळात नवा नव्हता. १९२० च्या दशकात निम्झोविच, रेटी आदी खेळाडूंनी तो मांडला होता आणि त्यावर डाव जिंकले होते. इतकेच काय, ही विशिष्ट खेळीसुद्धा नवी नव्हती. १८६८ साली लंडनमध्ये स्टाइनिट्झ एकाच वेळी अनेकांशी खेळत असताना बेकर नावाच्या एका इंग्लिश हौशी खेळाडूने तिच्याच बळावर त्यांना हरवले होते. हेच स्टाइनिट्झ पुढे जगज्जेते झाले. म्हणजे जिला सभागृह हसले ती खेळी शंभर वर्षांहून जुनी होती, आणि तिच्यामागचा विचार निदान पन्नास वर्षे पुस्तकांत छापलेला होता. पुस्तकांत या बचावाला सेंट जॉर्ज असे नाव आहे. माइल्सच्या गावावरून काही जण त्याला बर्मिंगहॅम बचावही म्हणतात.

तेव्हा मूर्खपणाचा आक्षेप टिकत नाही. ही सर्वोत्तम खेळी आहे असा दावा मात्र आम्ही करणार नाही. आजची संगणक इंजिनेही इथे पांढऱ्याची बाजू थोडी सरस आहे असेच सांगतात. पण थोडी सरस असणे म्हणजे जिंकणे नव्हे. काळ्याने काहीतरी सोडले आणि त्या बदल्यात काहीतरी मिळवले. सोडली ती मधली जागा. मिळवले ते असे, की तिसऱ्या खेळीपासून दोघेही पाठांतराच्या बाहेर आले. कार्पोव्ह यांच्यामागे सोव्हिएत बुद्धिबळाचा सगळा अभ्यास उभा होता. रुळलेल्या वाटेवर त्यांना गाठणे अवघड होते. आता दोघांनाही पटाकडे पाहूनच विचार करावा लागणार होता.

हे समजले की अपमानाचा आक्षेपही वेगळा दिसू लागतो. समोरच्याचा अपमान कशाने होतो? त्याच्याशी खेळताना आपण विचारच केला नाही, मन लावले नाही, तर होतो. पाठ केलेल्या पंधरा चाली झटपट करून टाकणारा दिसायला अदबशीर वाटतो, पण तेवढ्या वेळात त्याने समोरच्या माणसाची दखलच घेतलेली नसते. माइल्सने दखल घेतली होती. समोर कोण आहे, त्याचे बळ कशात आहे, याचा विचार करूनच त्याने वाट निवडली होती. अदब रिवाज पाळण्यातच असते असे नाही. समोरच्याला पूर्ण गांभीर्याने घेणे ही त्याहून मोठी अदब आहे.

राहिला संघाचा प्रश्न, आणि तो खरा कठीण आहे. आपल्या निवडीची किंमत दुसऱ्यांनाही भरावी लागणार असेल, तर केवळ 'मला वाटले' हे उत्तर पुरत नाही. तिथे तयारी दाखवावी लागते. माइल्सची तयारी पहिल्या खेळीत दिसत नाही, पुढच्या पंचेचाळीस खेळ्यांत दिसते. विचित्र सुरुवात केल्यावर त्याने एकही विचित्र गोष्ट केली नाही. घोडे आणि उंट नीट बाहेर काढले, राजाला किल्लेकोटात नेले, मध्यावर हल्ला चढवून तो मोकळा केला. अठराव्या खेळीपर्यंत त्याचा डाव एखाद्या शिस्तशीर खेळाडूच्या डावासारखा दिसू लागला होता. चाकोरी सोडणाऱ्याला शिस्त सोडून चालत नाही. चाकोरीतल्या माणसाची चूक चाकोरी झाकते, बाहेर पडलेल्याला ते संरक्षण नसते. म्हणून त्याला शिस्त जास्तच लागते.

तकलीद आणि इज्तिहाद हे दोन शब्द आपल्या परंपरेत याच प्रश्नाभोवती वाढले. ते फिकहचे शब्द आहेत, खेळाला जसेच्या तसे लावू नयेत हे खरे. पण त्यांच्यामागचा एक विचार इथे उपयोगी पडतो. आधीच्या जाणत्यांनी घालून दिलेल्या वाटेने चालणे ही तकलीद. मूळ आधारांकडे परत जाऊन स्वतःच्या बुद्धीने निर्णय काढणे हा इज्तिहाद. इज्तिहाद करणाऱ्यासाठी उलेमांनी अटी घातल्या. अरबी भाषा यावी, कुरआन आणि हदीस यांचे ज्ञान असावे, आधीच्या लोकांचे एकमत कुठे आणि मतभेद कुठे हे ठाऊक असावे. म्हणजे जुन्याचे ज्ञान ही जुन्यापासून वेगळे होण्याची पूर्वअट मानली गेली. ज्याला जुनी वाट ठाऊकच नाही, तो नवी वाट काढत नसतो. तो नुसता भरकटलेला असतो. नवशिक्या पोरानेही तेच कडेचे प्यादे हलवले असते, पण त्याने ते का हलवले हे त्याला सांगता आले नसते. बाहेरून दोघांची खेळी सारखीच दिसते, आणि म्हणूनच नुसती खेळी पाहून निवाडा करता येत नाही.

बुद्धिबळाच्या सुरुवातींचा इतिहासही आपल्याला परका नाही. भारतातून इराणात आणि तिथून अरब जगात गेलेल्या शतरंजमध्ये प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चालत असे. फर्जी म्हणजे आजचा वजीर, तोही तिरका एकच घर चाले. त्यामुळे दोन्ही फौजांची गाठ पडायला वेळ लागे. तेवढ्या वेळात जो तो आपली फौज एका ठरावीक रचनेत उभी करून घेई. त्या रचनेला 'ताबिया' म्हणत. त्यांना नावे होती, त्यांच्या गुणदोषांची चर्चा होती. नवव्या शतकातल्या अल-अदलीने या खेळावर ग्रंथ लिहिला, आणि पुढे अस-सूलीने त्या ग्रंथातल्या चुका दाखवून दिल्या. (शतरंज खेळावे की नाही यावर फकीहांत पूर्वापार मतभेद आहेत, तो विषय इथे नाही.) हा अस-सूली बगदादमध्ये खलिफा अल-मुक्तफीच्या दरबारात आला तेव्हा तिथे अल-मावर्दी नावाचा खेळाडू मानाचा होता आणि खलिफाची मर्जीही त्याच्यावरच होती. अस-सूलीने त्याला उघडउघड हरवले तेव्हा खलिफालाही आपली पसंती बदलावी लागली. मर्जी कोणाची हे पटाला कळत नाही.

अनेकदा खेळून झिजलेल्या, सर्वांना पाठ असलेल्या सुरुवातीच्या स्थितीला जगभरचे खेळाडू आजही 'ताबिया' हाच शब्द वापरतात. आपल्या मराठीतले शह, मात, प्यादे, वजीर हे शब्द फारशी-अरबीतून आले, तसाच हा. ज्या लोकांनी ताबिया रचल्या त्यांनी त्या डोळे मिटून जपल्या नाहीत. पिढीगणिक तपासल्या, खोडल्या, सुधारल्या. वारसा म्हणून घ्यायचीच तर त्यांच्या रचनेबरोबर ही तपासण्याची सवयही घ्यावी लागेल.

आता समोरच्या बाजूकडे पाहू. विचित्र खेळी झाली की बघणाऱ्याला वाटते, याला आता शिक्षा झालीच पाहिजे. कार्पोव्ह यांनी सुरुवातीला घाई केली नाही, साध्या आणि चांगल्या खेळ्या केल्या. पण पुढे त्यांचा रोख काळ्या राजाकडे वळला. एकोणिसाव्या खेळीत घोडा पुढे घुसला, उंटाने शह दिला आणि मागे येऊन त्याच तिरक्या रेषेवर तो दबा धरून बसला. वजीर त्याच्यासमोर आला. हल्ल्याची ही सगळी सिद्धता चालू असताना चोविसाव्या आणि पंचविसाव्या खेळीत माइल्सच्या वजिराने पांढऱ्याची दोन प्यादी उचलली. त्यांपैकी एकाचीच भरपाई कार्पोव्ह यांना करता आली. त्यानंतर वजिरांची मारामारी झाली आणि एक प्यादे जास्त घेऊन माइल्सने शांतपणे डाव शेवटाकडे नेला. सेहेचाळिसाव्या खेळीला कार्पोव्ह यांनी डाव सोडला. तेव्हा ते दोन प्याद्यांनी मागे होते.

कार्पोव्ह यांच्या मनात काय चालले होते हे आम्ही सांगू शकत नाही. पण डाव पुन्हा मांडून पाहताना एवढे जाणवते की हरवले ते पहिल्या खेळीने नव्हे. पांढऱ्याची स्थिती बराच काळ चांगली होती. विचित्र गोष्टीला उत्तर देताना तिचे गुणदोष तपासण्याऐवजी तिला धडा शिकवायला निघाले की आपलीच प्यादी उघडी पडतात. बहुसंख्येच्या, प्रतिष्ठेच्या बाजूला बसलेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. वेगळे वागणारा चुकलेला असू शकतो. पण तो वेगळा आहे, एवढ्याने तो चुकला असे सिद्ध होत नाही. त्याची चूक पटावर दाखवावी लागते.

इथे एक सापळा आहे. माइल्स जिंकला म्हणून आपण त्याचे कौतुक करतो. तो हरला असता तर? तीच खेळी, तीच तयारी, तीच शिस्त, आणि शेवटी एखादी चूक झाली असती, तर लोक म्हणाले असते, 'भोगा आता अहंकाराची फळे.' यश आले की धाडस आणि अपयश आले की उद्धटपणा, असा निवाडा करणे सोपे असते, पण तो न्याय नसतो. निर्णय योग्य होता की नाही हे तो घेतला त्या वेळच्या ज्ञानावर, हेतूवर आणि तयारीवर ठरले पाहिजे. निकाल ही त्यानंतरची गोष्ट. ती आपल्या हाती पूर्णपणे कधीच नसते. नीयत आणि कोशिश एवढेच माणसाच्या हाती असते हे आपण बोलताना मान्य करतो, शेजाऱ्याचा निवाडा करताना विसरतो.

हा विचार पटापुरता ठेवायचा नसेल तर आपल्या घरांतल्या लग्नांकडे पाहावे. निकाहाचे नियम मोजके आहेत. दोघांची संमती, ईजाब-कुबूल, साक्षीदार, महर. बाकी जे काही आहे, म्हणजे मोठा हॉल, दोन दोन दिवसांच्या जेवणावळी, जहेजची भांडी आणि गाडी, छापील पत्रिकांचा थाट, तो सगळा रिवाज. शरियतने तो सांगितलेला नाही आणि कायद्यानेही नाही. हुंडा घेणे-देणे तर १९६१ पासून कायद्याने गुन्हा आहे. तरी एखाद्या बापाने ठरवले की मुलीचा निकाह मशिदीत, चार माणसांत, शरबत आणि खजुरावर करायचा, तर पहिला आवाज कोणता उठतो? हशाचा. दुसरा आवाज अपमानाचा. 'पाहुण्यांना काय समजता? आमच्या खानदानाची इज्जत?' स्कारातले दोन्ही आक्षेप जसेच्या तसे.

अशा बापाला आम्ही कडेचे प्यादे हलवणारा खेळाडू म्हणू. त्याने नियम मोडलेला नाही. उलट नियमाच्या अगदी जवळ तोच उभा आहे. पण त्याच्याही पहिल्या खेळीवर निवाडा होणार नाही. साधेपणाच्या नावाखाली खर्च वाचवला आणि मुलीला द्यायचे तेही दिले नाही. मुलाच्या बाजूने जेवणावळ टाळली आणि महर मात्र कागदावरच उधार ठेवला. मुलीला न विचारता परस्पर 'आदर्श विवाह' ठरवून वर्तमानपत्रात फोटो दिला, तर ती नुसती विचित्र खेळी झाली. तिच्यामागे डाव नाही. इथे संघाचा प्रश्नही येतो. लोकांची बोलणी बाप दोन दिवस ऐकेल, मुलगी सासरी वर्षानुवर्षे ऐकेल. तिची संमती घेतली का? ते टोमणे ऐकताना तिच्या पाठीशी उभे राहण्याची तयारी ठेवली का? या प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याने हशाची पर्वा करू नये. ज्याच्यापाशी नाहीत, त्याने हशा होतो म्हणून स्वतःला सुधारक समजू नये.

आणखी एक गोष्ट. माइल्सच्या विजयानंतर अनेकांनी ही खेळी करून पाहिली. तरी ती मोठ्या स्पर्धांत रुळली नाही, आणि त्यात आश्चर्य नाही. माइल्सने ती का केली हे समजून न घेता ती करणे ही पुन्हा तकलीदच, फक्त दुसऱ्या इमामाची. पाठांतराचा कंटाळा आलेल्या बॉबी फिशरने १९९६ साली वेगळाच उपाय सुचवला. मागच्या रांगेतली मोहरी सुरुवातीलाच चिठ्ठ्या टाकल्यासारखी बदलून मांडायची, म्हणजे पाठांतराचा उपयोगच उरणार नाही. जागतिक बुद्धिबळ संघटनेने २०१९ साली या प्रकाराची अधिकृत विश्वस्पर्धाही भरवली. खेळात हे शक्य आहे. समाजात मोहरी विस्कटून नव्याने मांडण्याची सोय नसते. पूर्वजांनी मांडलेला पट, त्यांच्या ताबिया, त्यांच्या चुका, हे सगळे घेऊनच आपल्याला खेळावे लागते. म्हणून रिवाज एकदम उधळून देणारा आणि रिवाजाला नियम समजणारा, दोघेही आम्हाला अपुरे वाटतात. दोघांनाही पटाकडे पाहण्याची गरज वाटत नाही.

टोनी माइल्स २००१ साली वारला. स्काराचा डाव मात्र अजून पुस्तकांत छापला जातो आणि बहुतेक ठिकाणी त्याची पहिली खेळीच सांगितली जाते, कारण ती गमतीची आहे. वाचकांना आमची विनंती आहे की कुठे हा डाव सापडला तर पट मांडून तो शेवटपर्यंत खेळून पाहावा. आणि आपल्या मोहल्ल्यात, आपल्या नात्यात कोणी वेगळी खेळी केली, तर हसण्याआधी पुढच्या दहा खेळ्या पाहाव्यात. तेवढा वेळ आपण अनोळखी खेळाडूंना देतो. आपल्या माणसांना तो नाकारण्याचे कारण नाही.